मायच्या हातचं टिंचर

माझी माय गुणाबाई हिच्याइतकं मन लावून जळणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. कुणाला तंबाखूची सवय असते, कुणाला भजनाची. मायला जळायची होती. शेजारणीच्या गायीला कालवड झाली तरी हिच्या पोटात दुखायचं, आणि आमच्याकडे तर गायच नव्हती. पण हे सगळं किरकोळ. खरी आग तिनं एकाच माणसासाठी राखून ठेवली होती. ते माणूस म्हणजे माझ्या बाबांची पहिली बायको, रुखमाबाई. रुखमाबाईला मी मोठीमाय म्हणते.

पुढे सांगते आहे ते सगळं मी जन्मायच्या आधीचं आहे. मी ते तिघांच्या तोंडून वेगवेगळं ऐकलं. बाबा सांगायचे तेव्हा त्यात त्यांचा काहीच दोष नसायचा. मोठीमाय सांगायची तेव्हा हसत हसत अर्धं गाळून टाकायची. मायच्या सांगण्यात राग भरपूर, पण खोटं कमी. म्हणून मी मायचं धरून चालते.

बाबा, सोमाजी त्यांचं नाव, आलापल्लीच्या जंगलखात्याच्या लाकूड डेपोत मुन्शी होते. सागाचे ओंडके मोजायचे, त्यांवर हातोड्याचा शिक्का मारून घ्यायचा, ट्रकात चढले की पावती फाडायची. रुखमाबाई चामोर्शीकडची, लहानपणीच लग्न होऊन आलेली. बरीच वर्षं संसार झाला, मूल झालं नाही. त्यात ती हळूहळू मंद पडत गेली. चालणं मंद, बोलणं मंद, हाक मारली तर ओ यायला वेळ. चेहरा सुजल्यासारखा, आवाज पुरुषासारखा घोगरा, भुवयांचे कडेचे केस झडलेले. गळ्याशी लिंबाएवढी गाठ. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात, आणि ही बाई घोंगडी पांघरून चुलीजवळ बसायची. लोकांनी ठरवलं की ती आळशी आहे. नातेवाइकांनी ठरवलं की सोमाजीनं दुसरी करावी. तेव्हा दुसरी करायला कुणी अडवत नव्हतं.

अशी माय पोंभुर्ण्याहून आमच्या घरात आली. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. तिला माहेरी सांगितलं होतं, पहिली नुसती नावाला आहे, घर तुझंच. ती आली ती राणी व्हायच्या तयारीनं. आणि इथे पाहते तर नवरा डेपोतून आला की आधी चुलीजवळ जाऊन विचारतो, "रुखमे, काही खाल्लं का?"

हे 'रुखमे' मायला फार लागलं. तिला स्वतःला ते 'अवो, ऐकतं का' म्हणायचे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिचं नाव त्यांच्या तोंडात आलं नव्हतं. ते काही दुष्टपणानं नव्हे. नव्या बायकोचं नाव घ्यायला लाज वाटते, जुनीच्या नावाची जिभेला सवय झालेली असते. पण हे मायला कोण समजावणार? जंगलातून चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणली की पहिली मूठ रुखमेला. मासोळी आणली की काटे काढून रुखमेला, कारण तिला गिळताना गळ्याशी अडकायचं. मायच्या अंगाची लाही लाही व्हायची. "मलेबी गळ्याशी गाठ आली असती तं बरं झालं असतं," असं ती परसात भांडी घासताना मोठ्यानं म्हणायची. मोठीमाय ऐकायची, आणि भांडी घासून झाल्यावर तिच्या लक्षात यायचं की हे आपल्याला होतं.

त्या गाठीवर एक इलाज चालला होता. लाकूडतोड्यांच्या हातापायांना कुऱ्हाड लागते, करवत लागते, म्हणून डेपोत औषधांची सरकारी पेटी असायची. पेटीत टिंचर. कुणा एका रेंजर साहेबानं कधीतरी सांगितलं होतं की टिंचर लावलं की गळ्याची गाठ बसते. झालं, बाबांनी ते मनात धरलं. पेटीतली बाटली धोतराच्या सोग्यात लपून घरी येऊ लागली. आणि लावायचं कुणी? रुखमाबाईचा हात गळ्यापर्यंत जाईस्तोवर संध्याकाळ व्हायची. बाबांनी बाटली मायच्या हातात दिली.

म्हणजे पाहा. जिला पाण्यात पाहायचं, तिच्याच गळ्याला रोज औषध लावायचं. माय दिवेलागणीच्या आधी कोंबडीचं पीस टिंचरमध्ये बुडवायची आणि रुखमाबाईच्या गळ्यावरून फिरवायची. एका पिसात भागलं असतं तिथे ती तीन लावायची. "चांगलं झोंबू दे," असं तिच्या मनात असायचं. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिला अजिबात वाईट वाटलं नाही. रुखमाबाईचा गळा तांब्याच्या भांड्यासारखा दिसायचा. गाठ होती तिथेच होती.

एके दिवशी डेपोवर लाकूड न्यायला येणारा कय्यूम ड्रायव्हर बाबांना म्हणाला की चांद्याला मन्सूर डॉक्टर आले आहेत, मुंबईला शिकलेले, त्यांनी त्याच्या मामीची अशीच गाठ ओळखली. बाबांनी रजा टाकली. मायनं हे ऐकलं मात्र, तिचा तिळपापड झाला. तिला आलापल्लीला आल्यापासून आष्टीच्या बाजारापलीकडे कुणी नेलं नव्हतं, आणि ही चांद्याला!

"मीबी येतो," ती म्हणाली.

"तू येऊन काय करतं? आजारी ते आहे," बाबा म्हणाले.

"तिले धराले कोनी नोको का? तुमी पुढं चालसान, अन् ते डोंग्यातून वैनगंगेत पडन. मंग मले नाव ठेवसान."

बाबांना ते पटलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना दुसरीच काळजी लागली. डॉक्टरनं गळा पाहिला आणि विचारलं की हे टिंचर कुठलं, तर? चोरी उघड होईल, नोकरी जाईल. त्यांनी मायला सांगितलं, "हे सारं घासून काढ." मायनं तांदळाचा कोंडा घेतला आणि रुखमाबाईचा गळा घासला. इतक्या आनंदानं तिनं त्या घरात दुसरं कुठलंच काम केलं नसेल. सकाळपर्यंत गळा लाल झाला, पण टिंचरचा डाग गेला.

कय्यूमच्या ट्रकानं आष्टीच्या घाटापर्यंत, तिथून डोंग्यानं पलीकडे, मग मोटरीनं चांदा. रुखमाबाई भर वैशाखात घोंगडी पांघरून मोटरीत बसली होती आणि लोक वळून वळून पाहत होते. मायला त्याचाही राग आला. ती नवं लुगडं नेसली होती, तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

मन्सूर डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी रुखमाबाईची नाडी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. घोट्यामागे लहानशा हातोडीनं ठोकलं. पाय उडाला तो सावकाश, आणि परत खाली आला तो त्याहून सावकाश. जीभ पाहिली, भुवया पाहिल्या, गाठ चाचपली. मग ते बाबांना म्हणाले, "ही बाई आळशी नाही, सोमाजी. बीमार आहे. बरी होऊ शकते."

बाबांचे डोळे भरून आले. मायला वेगळीच चिंता पडली. ही बरी झाली तर आपण कोण? आळशी बायकोच्या जागी तर आपल्याला आणलं. ती धडधाकट उठून उभी राहिली, तर या घरात आपल्याला मागायला काय उरेल? मूल अजून पदरात नव्हतं, नाव अजून नवऱ्याच्या तोंडात नव्हतं. तिला त्या डॉक्टरचा तिथल्या तिथे संताप आला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गळ्यातली ती गाठ सगळ्यांनाच असते, लहान असते म्हणून दिसत नाही. ती एक रस तयार करते आणि रक्तात सोडते. अंगाची चूल त्या रसावर जळते. रस कमी पडला की चूल मंदावते. माणूस गारठतं, सुजतं, विसरतं, बाईला मूल राहत नाही. रस जास्त झाला तर उलट. छाती धडधडते, अंग वाळतं, घाम फुटतो. रस थेट मोजता येत नाही. पण त्या रसात आयोडीन असतं, आणि रक्तात चिकटून फिरणारं आयोडीन मुंबईच्या प्रयोगशाळेत मोजता येतं. आकडा चार ते आठच्या दरम्यान आला तर गाठ ठीक. चारच्या खाली आला तर रस कमी. आठच्या वर गेला तर जास्त.

"तुमच्या बाईचा चारच्या खालीच येईल असं मला वाटतं," ते म्हणाले. "तसा आला की मी गोळी देईन. मेंढराच्या गळ्यातल्या गाठीची भुकटी असते. आयुष्यभर खावी लागेल, पण बाई उठेल. मात्र एक गोष्ट नीट ऐका. वरून आयोडीन लावलं असेल तर ते कातडीतून रक्तात उतरतं आणि मुंबईवाले तेही मोजतात. मग आकडा झूठ. टिंचरमध्ये आयोडीन असतं. गळ्याला टिंचर लावलं होतं का कधी?"

माय बाबांकडे पाहू लागली. रुखमाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं असावं, पण तिचा शब्द ओठापर्यंत येईस्तोवर बाबा बोलून गेले होते.

"नाई, साहेब. कधीच नाई."

माय गप्प राहिली. तिला डॉक्टरचं सगळं समजलं होतं. बाबांना फक्त पेटीची भीती कळत होती. माय म्हणायची, "त्याच वक्ती मले समजलं का आता आकडा खोटा येते. मनात म्हनलं, येऊ दे."

डॉक्टरांनी रुखमाबाईचं रक्त काढलं, काचेच्या नळीत भरलं, बूच लावलं. ते मुंबईला जाणार हे ऐकल्यावर मायला राहवलं नाही. "माहंबी घ्या ना रक्त," ती दंड पुढे करून म्हणाली. "तिचं मुंबईले जाते, अन् माहं काऊन नाई?" डॉक्टर हसले, म्हणाले, तू चांगली आहेस, तुझं रक्त तुझ्याजवळच राहू दे. चांगली असणं हा किती तोट्याचा धंदा आहे, हे मायला त्या दिवशी कळलं.

मृगाच्या आधी तिघं पुन्हा गेली. मुंबईचा आकडा आला होता. एकोणीस.

मन्सूर डॉक्टर तो कागद हातात घेऊन रुखमाबाईकडे पाहत राहिले. एकोणीस आकड्याच्या बाईची छाती धडधडायला हवी, अंगाला घाम हवा, हात थरथरायला हवेत. आणि समोर घोंगडीत गुरफटलेली, बसल्या जागी पेंगणारी बाई. "कागद एक सांगतो आणि बाई दुसरंच सांगते," ते म्हणाले. "सोमाजी, पुन्हा विचारतो. आयोडीन पोटात घेतलं, गळ्याला लावलं, काहीही? मी कुणाला सांगणार नाही."

बाबांनी गळ्याची शपथ घेतली. स्वतःच्या गळ्याची, हे बरं.

डॉक्टरांनी कागद घडी करून ठेवला. आकडा खरा असेल तर गोळी देणं म्हणजे जळत्या चुलीत आणखी लाकडं कोंबणं, तिचं हृदय थांबेल, असं ते म्हणाले. तेव्हा गोळी नाही. नागपूरला दाखवून पाहा. पण बाबांना नागपूर झेपणारं नव्हतं आणि त्यांची आशाही मेली होती. डोंग्यात बसल्यावर माय मात्र पाण्यात हात घालून गाणं गुणगुणत होती. तिला जिंकल्यासारखं वाटत होतं.

ते जिंकणं पावसाळ्यात नासलं.

पाऊस लागला की आलापल्लीचा रस्ता बंद व्हायचा, डेपोचं कामही थंड. बाबा दिवसभर घरीच. आणि घरी म्हणजे रुखमाबाईच्या खाटेशी. आता ही काही वाचत नाही, असं त्यांनी मनात धरलं होतं. तिची खाट त्यांनी मधल्या खोलीत आणली. तिला हातानं पेज भरवू लागले, तिचे पाय चेपू लागले. नवऱ्यानं बायकोचे पाय चेपायचे, हे मायनं ना पोंभुर्ण्याला पाहिलं होतं ना कुठे ऐकलं होतं. ती दारात उभी राहून पाहायची आणि तिचे दात एकमेकांवर आपोआप घासले जायचे.

"अजी, माहेबी पाय दुखतात," एकदा ती म्हणाली.

"तुले काय झालं? तू चांगली आहे," बाबा म्हणाले.

तेच. डॉक्टर बोलला होता तेच. तिला वाटलं, त्यांच्या टाळक्यात पेजेचा वाडगा घालावा.

डॉक्टरचा काही उपयोग नाही म्हणून बाबांनी टिंचर पुन्हा सुरू केलं होतं. माय रोज पीस बुडवत होती, गळ्यावर फिरवत होती. आता ती तीन पिसं लावत नव्हती. एकच लावायची, कारण रुखमाबाई हल्ली झोंबतं असंही म्हणत नव्हती. ती दिवसातला बहुतेक वेळ झोपलेली असायची. अंग गार. जागी झाली की मायच्याच हाताला धरून विचारायची, "गुना, तू जेवली का वं?" माय हात सोडवून घ्यायची. तिला या मायेचा भयंकर राग यायचा. सवतीनं सवतीसारखं वागावं, भांडावं, निदान शिव्या तरी द्याव्या. ही काहीच करत नव्हती आणि तरी सगळं हिचंच होतं.

दिवाळी सरली. एका दुपारी माय परसदारी तांदूळ पाखडत बसली होती. मधल्या खोलीत रुखमाबाई बोलत होती, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

"अजी... मी गेल्यावर... गुनाले नावानं हाक मारत जा. ते पोट्टी... तरसते त्यासाठी."

बाबांच्या रडण्याचा आवाज आला. "रुखमे, तू गेली तं मी कोनालेच हाक मारनार नाई."

मायच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती मला सांगायची तेव्हा इथे आल्यावर तिचा आवाज चढायचा, इतक्या वर्षांनीही. पहिला राग आला तो दानाचा. माझ्या नवऱ्यानं मला नावानं हाक मारावी, आणि तीही हिच्या शिफारशीनं? हिची भीक नको मला. दुसरा राग बाबांच्या उत्तराचा. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही आत्ता मेली, तर ती कधीच म्हातारी होणार नाही, कधी चिडणार नाही, कधी भात करपवणार नाही. घरात जिकडेतिकडे तीच उरेल. मी काहीही रांधलं तरी रुखमेच्या हाताला चव होती म्हणतील. जिवंत सवतीशी भांडता येतं, मेलेल्या सवतीशी कुणी भांडावं?

तिनं सूप भिंतीला टेकवलं, लुगड्याचा पदर खोचला आणि तडक डेपोवर गेली. बाबा तोवर मागच्या वाटेनं कामावर येऊन, डोळे पुसून, ओंडके मोजत उभे होते.

"मी चांद्याले जाऊन राह्यलो," ती म्हणाली. "कय्यूमभाऊचा ट्रक निघून राह्यला."

"काऊन?"

"डाक्टरले खरं सांगाले. टिंचरचं."

बाबांनी तिला ओंडक्यांच्या आड ओढलं. "येडी झाली का वं? सरकारी पेटी आहे ते. नोकरी जाईन माही."

"जाऊ द्या. मी मोहाची फुलं वेचून विकन. तुमी चार थेंब टिंचरच्या पायी बायको मारून राह्यले, अन् वरतून तिचे पाय चेपता!"

"तुले कधीपासून तिचा एवढा पुळका आला?"

"पुळका नाई आला," माय म्हणाली. "तिचा पुळका मले मेल्यावरबी येनार नाई."

आणि ती ट्रकात कय्यूमच्या शेजारी जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी.

मन्सूर डॉक्टरांसमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, "टिंचर लावत होतो, साहेब. रोज. मीच लावत होतो, ह्या हातानं. पहिल्या खेपेच्या आधीबी, दुसऱ्या खेपेच्या मागूनबी. एकोणीस आकडा तिचा नाई, माह्या पिसाचा आहे." मग बाबा खोटं का बोलले तेही सांगितलं. डॉक्टर खुर्चीतून उठले. रागावले ते बाबांवर. मी काय जंगलखात्याचा साहेब आहे, असं मोठ्यानं म्हणाले. मग जरा शांत होऊन त्यांनी मायला विचारलं, "तेव्हा तूही इथेच होतीस. आज कशी काय बोललीस?"

"ते मेली तं मले जन्मभर तिच्याशीच संसार करा लागन," माय म्हणाली. "जगली तं निदान भांडता येईन."

डॉक्टरांनी कामाचं सांगितलं. टिंचर आजपासून बंद. गळ्यालाच नव्हे, घरात कुणाच्या जखमेलाही ते तिच्या आसपास नको. संक्रांतीपर्यंत थांबा, रक्तातलं वरचं आयोडीन निघून जाऊ दे, मग पुन्हा रक्त काढू. आत्ता अंदाजानं गोळी दिली आणि ती जास्त झाली तर तिचं थकलेलं हृदय ते सोसणार नाही. तोवर तिला ऊब द्या, पातळ खाऊ घाला, एकटी झोपू देऊ नका.

संक्रांतीपर्यंत मायनं रुखमाबाईची जी राखण केली, ती पाहून शेजारपाजारच्या बायका थक्क झाल्या. त्यांना वाटलं, केवढी ही माया. माय दात खाऊन राखण करत होती. बाबांना तिनं खाटेशी बसू देणंच बंद केलं. पेज ती भरवायची, शेगडी ती पेटवायची, रात्री शेजारी तीच निजायची. रुखमाबाई पेंगू लागली की तिला हलवून म्हणायची, "उठा बाई, मरू नोका. मले तुमच्याशी हिशोब करा लागते." डेपोतली टिंचरची बाटली बाबांनी परत पेटीत नेऊन ठेवली. कुणी विचारलंही नाही. इतके महिने ज्या पेटीच्या भीतीनं ते खोटं बोलले, त्या पेटीत किती बाटल्या होत्या हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरा आकडा आला दीड.

डॉक्टरांनी कागद बाबांना न देता मायला दाखवला. चारच्या खाली, कितीतरी खाली. आता कागद आणि बाई दोघं एकच सांगत होती. गोळी सुरू झाली, आधी पाव, मग अर्धी, मग आख्खी. नाडी मोजायलाही डॉक्टरांनी मायलाच शिकवलं.

उन्हाळा आला आणि रुखमाबाईनं घोंगडी झटकून वळणीवर टाकली. उकडतंय, म्हणाली. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज फुटला, भुवया भरल्या. आणि इथे मायची फसगत झाली. ती घरात आली तेव्हापासून तिनं पाहिली होती ती आजारी रुखमाबाई. बरी रुखमाबाई कशी असते, हे तिला माहीतच नव्हतं. बरी रुखमाबाई पहाटे उठायची, मायच्या आधी अंगण सारवायची, मायच्या वरणात मीठ कमी आहे हे पहिल्या घासाला सांगायची. तिची जीभ मायच्या जिभेहून लांब निघाली. दोघींची भांडणं डेपोपर्यंत ऐकू जायची. मायला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ती जळतच होती. आता तर समोरून शब्दाला शब्द मिळत होता. बाबा मध्ये पडले की दोघी मिळून त्यांनाच झाडायच्या. त्याच धामधुमीत कधीतरी बाबांच्या तोंडून 'गुने' निघून गेलं. माय तव्यावरची भाकर विसरली.

पुढल्या वर्षी रुखमाबाईला दिवस गेले.

मायनं हे ऐकलं आणि ती उठून विहिरीवर गेली. घागर भरली, ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. आपली कूस अजून रिकामी, आणि जिला मूल होत नाही म्हणून आपल्याला आणलं तिची भरली. आणि भरली कशामुळे? आपल्याच तोंडामुळे. त्या दिवशी ट्रकात बसले नसते, तर? माय मला सांगायची, "असा इस्तू पोटात पेटला होता का त्याच्यावर भात शिजला असता." रुखमाबाईनं तिला डोहाळजेवणाला शेजारी बसायला बोलावलं. ती गेली नाही. दिवस भरेपर्यंत दोघी कामापुरत्या बोलल्या. पण रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा गडवा रुखमाबाईपुढे आदळायला माय एकदाही चुकली नाही.

बाळंतपणाला बुधरी सुईण आली. माय आत पाऊल टाकेना. अंगणात दाराकडे पाठ करून बसून राहिली. बाबा येरझाऱ्या घालत होते. दुपार कलली तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. लहान, पण चांगलं ठणठणीत.

माय उठली. आत गेली. बुधरीच्या हातून तिनं मूल ओढून घेतलं, पदरात गुंडाळलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हे पोट्टी माही आहे," ती म्हणाली. "मी तोंड उघडलं नसतं तं हे कुठून येती? तुमाले तं मसनात नेऊन ठेवलं होतं. पोटात तुमी ठेवली असन, आणली मी. हे मले माय म्हनन. तुमाले नाई. सांगून ठेवतो."

बुधरी तोंडाला पदर लावून पाहत राहिली. मायच्या अंगात भांडण भरून आलं होतं. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं तिनं त्या एका भांडणासाठी काढलं होतं. रुखमाबाई किंचाळेल, हात पसरेल, शिव्या देईल, आणि मग आपण काय काय बोलायचं हे तिनं विहिरीवर ठरवून ठेवलं होतं.

रुखमाबाई घामानं भिजलेली होती. तिनं मायकडे पाहिलं, पदरातल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"तू काऊन बोलली डाक्टरले, ते मले माहीत आहे," ती म्हणाली. "पन मी जगली. तुलेच माय म्हनू दे. मले मोठीमाय म्हनन. आता दे इकडं, भुकी आहे ते. पाजतो अन् देतो वापस."

माय भिंतीवरून घसरत खाली बसली आणि मला, हो, मीच ती, उराशी धरून हमसून हमसून रडू लागली.

"पाहा वं बुधरे," ती रडत रडत म्हणाली, "पाहा ह्या बाईले! मले एकबी गोष्ट हिसकून घेऊ देत नाई!"